पासवर्ड बदलूनही सेलर अकाउंटवर पुन्हा पुन्हा हल्ला होतोय? आधी उघडं दार शोधा

नमस्कार.

तुम्ही लॉगिन केलेलं नाही, तरी मोबाइलवर सेलर अकाउंटचा, म्हणजे अ‍ॅमेझॉनसारख्या साइटवर माल विकायच्या खात्याचा, ओटीपी येतोय. रात्री तर लागोपाठ पाच-सहा. पासवर्ड बदलला की दोन दिवस शांत, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. तुमच्याकडे असं चाललं असेल, तर आधीच सांगतो: नुसता पासवर्ड बदलत राहून हे थांबणार नाही. चोर ज्या दारातून येतोय ते दार बहुतेक वेळा सेलर पॅनलमध्ये, म्हणजे त्या खात्याच्या विक्रीच्या पानांवर, नसतंच. ते तुमच्या कॉम्प्युटरमध्ये असतं, नाहीतर ईमेलमध्ये.

म्हणून आज क्रम महत्त्वाचा आहे. आधी मशीन, मग ईमेल, मग ओटीपी आणि शेवटी सेलर पॅनल. हा क्रम उलटा केलात तर केलेली मेहनत वाया जाते. का, ते पुढे कळेल.

सुरुवात त्या ओटीपीच्या मेसेजपासून. तो डिलीट करू नका, शब्द न् शब्द वाचा. काही प्लॅटफॉर्मवर नुसता मोबाइल नंबर टाकला की ओटीपी जातो. तिथे तुमचा नंबर माहीत असलेला कोणीही तो पाठवू शकतो. त्रास आहे, पण चोर अजून बाहेरच आहे. मेसेज पासवर्ड रिसेटचा असेल, तर त्याच्याकडे पासवर्ड नाही, तो मिळवायला बघतोय. आणि जिथे आधी पासवर्ड टाकावा लागतो, तिथे थेट लॉगिनचा ओटीपी आला, तर पासवर्ड त्याच्या हातात आहे. आता फक्त ते सहा आकडे मधे उभे आहेत. ही तिसरी परिस्थिती असेल तर आजचं काम उद्यावर ढकलू नका.

पासवर्ड त्याला मिळाला कसा? एक सरळ कारण म्हणजे तोच पासवर्ड तुम्ही आणखी कुठेतरी वापरलाय, आणि तिथला डेटा फुटला. पण सेलर लोकांच्या बाबतीत दुसरं कारण जास्त जपण्यासारखं आहे.

(स्क्रीनवर: ए-फोर पानाच्या कोपऱ्यात छोटं शिपिंग लेबल)

हे बघा. लेबलची पीडीएफ येते ए-फोर पानावर. आपल्या थर्मल प्रिंटरला हवं असतं चार बाय सहा इंच. मग आपण शोधतो 'फ्री लेबल क्रॉप'. एखादं सॉफ्टवेअर डाउनलोड होतं, नाहीतर क्रोमचं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, बसतो. बसवताना ते विचारतं, 'सर्व वेबसाइटवरचा तुमचा डेटा वाचू आणि बदलू का?' आपण हो म्हणतो, कारण पिकअपवाला खाली उभा असतो. त्या एका 'हो'मुळे ते एक्स्टेन्शन तुमचं सेलर पॅनलही वाचू शकतं. सगळीच टूल वाईट नसतात, पण परवानगी इतकी मोठी असेल तर ते टूल नकोच. प्रॉडक्टचे फोटो एडिट करायला घेतलेलं क्रॅक सॉफ्टवेअर तर याहून घातक.

यातून आत येतो तो चोरटा प्रोग्राम ब्राउझरमध्ये सेव्ह केलेले पासवर्ड उचलतोच, शिवाय कुकीजही उचलतो. कुकी म्हणजे जत्रेतल्या पाळण्याचं तिकीट दाखवल्यावर हातावर मारलेला शिक्का समजा. तो शिक्का दिसला की पुन्हा तिकीट मागत नाहीत. चोराने तुमचा शिक्काच नेला, तर त्याला ना पासवर्ड विचारला जाईल ना ओटीपी. आणि त्याच मशीनवरून तुम्ही नवा पासवर्ड टाकलात, तर तोही तिकडे पोचतो. 'दोन दिवस शांत, मग परत सुरू' याचं उत्तर अनेकदा इथे असतं.

म्हणून पॅकिंग टेबलवरचा तो कॉम्प्युटर आधी इंटरनेटपासून तोडा. अनोळखी एक्स्टेन्शन आणि एनीडेस्कसारखी, लांबून तुमचा कॉम्प्युटर चालवू देणारी रिमोट अ‍ॅप काढा. विंडोज सिक्युरिटीत 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', त्यात 'स्कॅन ऑप्शन्स', आणि तिथला 'डिफेंडर ऑफलाइन स्कॅन' चालवा. मशीन रीस्टार्ट होऊन साधारण पंधरा मिनिटं जातात. क्रॅक सॉफ्टवेअर सापडलं तर स्कॅनवर विसंबू नका, विंडोज नव्याने टाका. तोवरची सगळी कामं दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून.

आता ईमेल. इथे थोडं थांबू, कारण सर्वात जास्त दुर्लक्ष इथे होतं. सेलर अकाउंटचा पासवर्ड विसरलो म्हटलं की लिंक किंवा कोड अनेकदा ईमेलवर जातो. म्हणजे ईमेल ज्याच्या ताब्यात, दुकान त्याच्या ताब्यात.

जीमेल कॉम्प्युटरवर उघडा, मोबाइल अ‍ॅपमध्ये हे दिसणार नाही. सेटिंग्ज, 'सी ऑल सेटिंग्ज', आणि तिथे 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड अ‍ॅड्रेसेस'.

(स्क्रीनवर: फिल्टरची एकच ओळ, बोटाने दाखवत)

ही ओळ नीट बघा. 'बँक अकाउंट' हे शब्द असलेला मेल आला की वाचला म्हणून खूण कर आणि सरळ ट्रॅशमध्ये टाक. असा फिल्टर लावायला चोराला एक मिनिट पुरतं. मग तुमच्या पॅनलमध्ये बँक खातं बदलल्याचा मेल येतो, पण तुम्हाला तो कधी दिसतच नाही. जीमेलचा पासवर्ड बदलला तरी हा फिल्टर तसाच राहतो. तुम्ही न लावलेला प्रत्येक फिल्टर उडवा. शेजारच्या 'फॉरवर्डिंग'च्या टॅबमध्ये परका पत्ता आहे का बघा. 'अकाउंट्स अँड इम्पोर्ट'मध्ये दुसऱ्या कोणाला तुमचा मेल वाचायची परवानगी दिलीय का, तेही तपासा.

त्यानंतर गूगल अकाउंटच्या 'सिक्युरिटी'त जा. ओळखीची नसलेली डिव्हाइस साइन आउट करा, रिकव्हरी नंबर आणि रिकव्हरी ईमेल तुमचाच आहे याची खात्री करा, आणि मग पासवर्ड बदला. जमलं तर पासकी लावा, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या किंवा कॉम्प्युटरच्या लॉकने लॉगिन करायची सोय. पासकी खऱ्या साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते, त्यामुळे खोट्या लॉगिन पानावर ती चालतच नाही.

आणखी एक. पार्सलमधल्या 'थँक यू' कार्डवर जो नंबर आणि ईमेल छापता, तोच लॉगिनला असेल, तर अर्धी माहिती तुम्ही स्वतःच घरोघरी पोचवताय. लॉगिनसाठी वेगळा ईमेल आणि वेगळं सिम ठेवा. तो नंबर ग्राहकाला द्यायचा नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवायचा नाही.

ओटीपीही शक्य तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर घ्या. दर तीस सेकंदांनी नवा सहा आकडी कोड बनतो, तोही फोनमध्येच. त्यामुळे कोणी तुमच्या नावाचं डुप्लिकेट सिम काढलं तरी त्याला कोड मिळत नाही. कोड सारखा चुकीचा येत असेल तर फोनचं घड्याळ पुढे-मागे असू शकतं, वेळ ऑटोमॅटिकवर टाका. सेटअपच्या वेळी दिसणारी 'सेटअप की' (अक्षरं-आकड्यांचा गुप्त कोड) कागदावर लिहून कपाटात ठेवा, फोन हरवला तर तीच कामाला येते. एक खाचखळगा मात्र आहे. गूगल ऑथेंटिकेटर 2023 पासून कोड गूगल अकाउंटवर सिंक करू शकतं. ते त्याच ईमेलवर सिंक असेल आणि ईमेल गेलं, तर कोडही गेले. सिंक बंद ठेवा.

मोबाइलची रेंज अचानक गेली आणि शेजारी त्याच कंपनीचं सिम चालतंय, तर वाट बघू नका. दुसऱ्या फोनवरून कंपनीला फोन करून सिम बंद करायला सांगा. तुमच्या नावावर किती नंबर आहेत ते संचार साथी पोर्टलवर दिसतं.

आता कुठे सेलर पॅनल. अ‍ॅमेझॉनचं उदाहरण घेऊ. सेटिंग्जमध्ये 'युजर परमिशन्स' उघडा. जुना कॅटलॉगवाला, सोडून गेलेला पॅकर, तीन महिने काम केलेली एजन्सी, सगळ्यांची नावं तिथे अजून असतील. काढा. चोरही स्वतःला इथेच युजर म्हणून जोडून ठेवतो, मग मालकाने कितीही पासवर्ड बदलले तरी त्याला फरक पडत नाही. जोडलेली बाहेरची अ‍ॅप तपासा, नको ती बंद करा. पैसे जमा होणाऱ्या खात्याचे शेवटचे चार आकडे पासबुकशी ताडून बघा. टू-स्टेप व्हेरिफिकेशनमध्ये 'या ब्राउझरवर ओटीपी नको' अशी सूट दिलेली जुनी डिव्हाइस असतात, ती सूट रद्द करा.

माणसांना काम द्यायचं तर प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन आणि लागतील तेवढेच अधिकार. लेबल काढणाऱ्याला पेमेंटचं पान दिसायचं कारण नाही. ओटीपी फोनवर ओरडून सांगायची सवय गोदामातून आजच बंद करा, कारण उद्या 'सेलर सपोर्टमधून बोलतोय' म्हणणाऱ्यालाही तो तसाच सांगितला जाईल. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, तर कोणीच उघडायची नाही.

आणि चोर आत शिरलाच असेल तर? आधी सेलर सपोर्टला पेमेंट थांबवायला सांगा आणि केस नंबर लिहून घ्या. बदललेलं बँक खातं, नवे युजर, बदललेल्या किमती यांचे तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढा, आणि ते काढल्याशिवाय काही पुसू नका. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत ते गोठवता आले पाहिजेत, म्हणून इथे मिनिटं मोजायची. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवरही तक्रार नोंदवा. दुसऱ्याचा पासवर्ड फसवणुकीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड.

अकाउंट परत मिळालं की लगेच विक्री सुरू करू नका. दुकान सुट्टीवर ठेवा आणि लिस्टिंग, म्हणजे विक्रीला लावलेल्या वस्तूंची पानं, एकेक उघडा. किंमत, स्टॉक, पिकअपचा पत्ता, रिटर्नचा पत्ता. आठशेची साडी ऐंशी रुपयांना लावून ठेवलेली असेल, तर दुकान उघडल्याबरोबर ऑर्डरी पडतील, आणि त्या रद्द केल्याचा फटका तुमच्याच रेटिंगला बसेल. सगळ्या लिस्टिंग बघून झाल्या, की मगच दुकानाची सुट्टी संपवा.