घोडी ठणठणीत, मग अहवालात यीस्ट कसं?

नमस्कार मंडळी. अंकलीपासून खानापूरपर्यंत घोड्या पाळणारे अजून पुष्कळ आहेत. कुणाची शर्यतीच्या गाडीला, कुणाची मेंढरांमागं संसार वाहायला. माउलींच्या वारीला अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व निघाले की पाया पडायला झुंबड उडते. दारच्या घोडीला मात्र आपण खरारासुद्धा करत नाही. असो.

विषय आहे घोडीच्या जननमार्गातलं यीस्ट. पावाचं पीठ फुगवतं त्याचीच ही भावंडं. कँडिडा, ऱ्होडोटोरुला, ट्रायकोस्पोरॉन अशी यीस्टं निरोगी घोडीच्या योनीमार्गात सापडतात. काही त्रास न देता राहतात. पुन्हा सांगतो, नुसतं यीस्ट सापडलं म्हणजे आजार नव्हे.

चिक्कोडीकडचे एक अण्णा अहवालाचा कागद घेऊन आले. "डॉक्टर, घोडीत बुरशी निघाली म्हणे. विकून टाकू की काय ओ?"

दर माजाला घोडा दाखवला, पण गाभ ठरेना. कुणीतरी गर्भाशयात अँटिबायोटिक सोडलं, पुढच्या माजाला पुन्हा सोडलं. मग उघड्या काडीनं नमुना काढला. ती काडी बाहेरच्या भागाला घासतच आत गेलेली, मग त्यात कँडिडा येणारच की!

गोठ्यात गेलो तर घोडी तकतकीत, कडबा चघळत उभी. शेपूट बाजूला धरायला सांगितली. गुदद्वार आत ओढलेलं, त्याखाली योनीचे ओठ वरच्या बाजूला आडवे पडलेले. दोन पावलं चालवली, तर 'फुस्स'!

अक्का म्हणाल्या, "हे रोजचंच ओ. आम्हाला वाटलं ती..." आता रेडिओवर तो शब्द कसा सांगू?

ती हवा आत शिरत होती, मंडळी! हवेबरोबर शेणाचे कण. माजावर असताना दुहेरी आवरणातल्या काडीनं थेट गर्भाशयातला नमुना घेतला. सूजेच्या पेशी दिसल्या, यीस्ट एकही नाही. कोमट सलाईननं गर्भाशय धुतलं आणि ओठांच्या वरच्या भागाला टाके घातले. ही कॅस्लिकची शस्त्रक्रिया, 1937 पासूनची. पुढं घोडी गाभण राहिली.

यीस्टमुळं गर्भाशयाला सूज येते, पण क्वचित. वारंवार अँटिबायोटिक सोडलं की जिवाणू मरतात आणि यीस्टला मोकळं रान मिळतं. म्हणून अहवालात दोन्ही बघा: गर्भाशयातलं यीस्ट आणि सोबत सूजेच्या पेशी. दोन्ही हवं, दोन्ही! आणि बाजारादिवशी दुकानातून औषध आणून स्वतःच आत सोडणं तेवढं बंद करा. दुकानदाराला घोडीचं तोंड कुठलं तेही ठाऊक नसतं.

टाके विण्याच्या दोन-तीन आठवडे आधी उघडून घ्यायचे, नाहीतर शिंगरू बाहेर येताना फाटतं. घोडीचे महिने अकरा. अण्णांनी तारीख गोठ्याच्या दारावर खडूनं लिहिली होती, ती दिवाळीच्या रंगकामात पुसली गेली. अक्कांना मात्र तोंडपाठ होती.