शिगेची पायली

श्रोतेहो, नमस्कार. पायली, शेर, मापटं, चिपटं. धान्य मोजायचं यातलं एखादं माप तुमच्याही घरी फडताळात पडलेलं असेल. पायलीचे चार शेर, शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी. सगळं निम्म्या-निम्म्यानं. म्हणून तर पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी हे पाव, अर्धा, पाऊण, दीडचे पाढे पाठ करून घेत. ते पुन्हा सुरू करावेत, असं मला मनापासून वाटतं. सव्वा किलोचे पैसे काढायला मुलं मोबाइल उघडतात, ते बघवत नाही.

1956 साली वजनमापांचा कायदा झाला आणि 1958च्या ऑक्टोबरपासून किलो बाजारात आला. चांगलंच झालं. एका गावची पायली दुसऱ्या गावी चालत नसे, आणि तोटा व्हायचा तो शेतकऱ्याचा. पक्का शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे 933 ग्रॅम. तोळ्यावरून आठवलं, सराफाकडे आता दहा ग्रॅमलाच तोळा म्हणतात. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा. आजीच्या पाटल्या मोडायला नेताना हे ध्यानात ठेवा.

पण धान्याचा शेर वेगळा. पुन्हा सांगतो, एक शेर वजनाचा, एक शेर मापाचा. नाव एक, गोष्टी दोन.

मला हे कळलं आजोळी, भोरकडे. मी दहा वर्षांचा. शाळेत नुकताच किलो शिकलो होतो. मे महिन्यात आजोबा ओसरीवर धान्य मोजायला बसले. पहिलं माप ओतताना ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन... मी वाण्याकडून तागडी आणि नवी वजनं मागून आणली. पायलीभर ज्वारी तोलली, मग पायलीभर भात तोलला. भात बराच हलका भरला.

मी ओरडलो, “आजोबा, तुमची पायली खोटी आहे!”

ते रागावले नाहीत. म्हणाले, “बाळा, पायली पोट मोजते, तागडी भार मोजते.”

तेवढ्यात शेजारच्या काकू उसनी ज्वारी मागायला आल्या. आजोबांनी पायली भरली, वर शीग चढवली, दाणे चहूबाजूंनी ओघळेपर्यंत. मी पुढं होऊन हातानं शीग सपाट करायला गेलो. त्यांनी माझा हात धरला.

“द्यायची ती शिगेनं. परत घेताना काठोकाठ.”

काकू पदरात ज्वारी घेऊन गेल्या. मला राहवेना. मी दुसरी पायली तशीच शिगेनं भरली आणि वरची शीग तेवढी तागडीत टाकली. अडीचशे ग्रॅमची वजनं उचलली गेली. मी पाटीवर आकडा लिहायला घेतला.

आजोबांनी पाटी काढून घेतली आणि म्हणाले, “शीग लिहून ठेवायची नसते.”