बोटीवर किती रात्री काढायच्या?

(सांगलीत डायव्हिंगची आवड असलेल्या मंडळींसमोर केलेलं बोलणं, थोडं नीट करून)

कृष्णेत पुलावरून उड्या टाकलेली माणसं इथं बरीच बसलेली दिसतायत, त्यामुळं पाण्याची भीती वगैरे विषय मी घेतच नाही, डायरेक्ट मुद्द्यावर येतो. मालवणला कोर्स करून आलेली पोरं हल्ली एकच विचारतात, सर, लिव्हअबोर्ड करायचंय, तीन रात्रींचं घेऊ, सातचं घेऊ का एकदमच दहाचं? ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, लिव्हअबोर्ड म्हणजे बोटीवरच खायचं, बोटीवरच झोपायचं आणि रोज तीन-चार डाइव्ह, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखालच्या बुड्या, मारायच्या.

आता पॅकेजवर लिहिलेल्या असतात रात्री, आणि आपण मोजतो दिवस, इथंच गडबड होते. सात रात्रींचं मालदीव घ्या. पहिल्या दिवशी दुपारी मालेला उतरणार, बोटीवर जाणार, फॉर्म भरणार, सामान जोडणार, त्यात वेळ राहिला तर एखादी चेक डाइव्ह, म्हणजे सामान आणि माणूस तपासायची सोपी बुडी, नाहीतर तीपण दुसऱ्या दिवशी सकाळी. शेवटचा दिवस कोरडा, कारण विमान. सलग काही दिवस डायव्हिंग केलं असेल तर शेवटच्या डाइव्हनंतर निदान 18 तास विमानात बसायचं नाही अशी डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंगच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या संस्थेची शिफारस आहे, आणि बऱ्याच बोटी तर सरळ 24 तास धरतात. म्हणजे सात रात्रींत पाण्यातले दिवस धरा साडेपाच. तीन रात्रींना हेच लावा, हातात जेमतेम दीड-दोन दिवस राहतात, आणि सांगलीहून मुंबई, तिथून विमान, हा खर्च मात्र तेवढाच. काही बोटी शेवटच्या दिवशीपण डाइव्ह देतात, पण मग किनाऱ्यावर एक रात्र हॉटेलात काढावी लागते आणि ते बिल पॅकेजमध्ये नसतं, हे बुकिंग करताना कुणी आपणहून सांगत नाही.

एवढं असूनही मी पहिल्यांदा जाणाऱ्याला तीन-चार रात्रीच सांगतो. पैशाचा हिशोब सातच्या बाजूनं आहे हे मान्य, पण शरीराचा नाही.

पहिले दोन दिवस सगळेच हिरो असतात. पाचव्या दिवशी सकाळी साडेपाचला बेल वाजते, काल रात्री वाळत घातलेला वेटसूट खारट आणि ओलाच असतो, तो अंगावर चढवताना मांड्यांना नुसता बर्फ लागतो, आणि फळ्यावर पहिली डाइव्ह सहा वाजता लिहिलेली असते. त्यात रोज चार वेळा पाण्यात जाऊन कानाच्या बाहेरच्या नळीची कातडी भिजून मऊ पडलेली असते, तिथं इन्फेक्शन झालं की ट्रिप संपली समजा. मिरजेत डॉक्टरांना तोटा नाही हो, पण ते मिरजेत! नायट्रोजनचं वेगळंच, पाण्याखाली दाबातली हवा घेतली की तिच्यातला नायट्रोजन अंगात मुरतो, आणि वर उंचावर दाब कमी झाला की त्रास देतो, विमानाआधी थांबायचं ते म्हणूनच. एका रात्रीत तो अंगातून सगळा निघून जातो असं नाही, रोज थोडा शिल्लक राहतो. म्हणून लांबच्या ट्रिपला मी नायट्रॉक्स, म्हणजे टाकीत जास्त ऑक्सिजनवाली हवा, घ्याच म्हणतो. 32 टक्के ऑक्सिजन म्हटल्यावर नायट्रोजन साध्या हवेतल्या 79 वरून 68 वर येतो. फक्त त्याचा कोर्स आधी करून घ्या आणि खोलीची मर्यादा पाळा, कारण जास्त ऑक्सिजन खोलवर घातक ठरतो. आणि दमल्यासारखं वाटलं तर एक डाइव्ह सरळ सोडा. पैसे भरलेत म्हणून प्रत्येक डाइव्ह मारायची, ही आपली बुफेवाली सवय तिथं नको.

मग दहा-अकरा रात्री कुणी घ्यायच्या? जिथं समुद्रच तेवढा लांब आहे तिथं. कोस्टारिकाचं कोकोस बेट किनाऱ्यापासून साधारण 550 किलोमीटर, नुसतं पोचायलाच दीड दिवस, यायला परत दीड, तिथं पाच रात्रींची ट्रिप कुणी काढली तरी जाऊन काय करणार, हॅमरहेड शार्क लांबूनच बघून परत फिरणार? गालापागोसमधली डार्विन आणि वुल्फ ही बेटंपण तशीच, उत्तरेला लांब, लिव्हअबोर्डशिवाय तिथं डायव्हिंग होतच नाही, तिथं सात रात्री कमीत कमी धरा. याउलट थायलंडच्या सिमिलनला खाओ लाकवरून बोट रात्री निघाली की सकाळी तुम्ही पाण्यात, म्हणून तिथं चार रात्री मस्त भरतात. रात्री मोजायच्या आधी नकाशावर अंतर मोजा, माझ्या मते एवढं केलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

विमानाचा नियम आपल्या घाटालापण लागतो बरं का. आंबोली साधारण 690 मीटरवर आहे, आणि 600 मीटरच्या वर चढायचं असेल तर विमानाइतकंच थांबायचं असतं. रविवारी दुपारपर्यंत मालवणात डाइव्ह मारून संध्याकाळी गाडी आंबोलीला घालणारे लय आहेत, त्यांनी रविवारची रात्र मालवणातच काढावी, सुरमई खावी आणि सोमवारी निघावं.

तासगावच्या एका द्राक्ष बागायतदारांनी विचारलं, की ऑक्टोबर छाटणीपासून माल उतरेपर्यंत हलता येत नाही, मग एप्रिलची खरड छाटणी, आम्ही जायचं कधी? तर दादा, जुलै-ऑगस्टमध्ये आठवडा काढा. सिमिलन तेव्हा बंद असतं, मे मध्यापासून ऑक्टोबर मध्यापर्यंत, पण इंडोनेशियातल्या कोमोडोला कोरडा सीझन असतो, लाबुआन बाजोहून चार रात्रींची बोट मिळते. करंट, म्हणजे पाण्याखालचा प्रवाह, तगडा आहे तिथं, म्हणून मेअखेरीस मालवणचं डायव्हिंग पावसाळ्यासाठी बंद व्हायच्या आत चार डाइव्ह जास्तीच्या मारून ठेवा. आणि भडंग नेणार असाल तर छोटी छोटी सीलबंद पाकिटं न्या, फोडलेलं पाकीट बोटीवर दुसऱ्या दिवशीच सादळतं.