दात लागले की खेळ थांबला

श्रोतेहो, नमस्कार.

बेल वाजते, घरातलं कुणी बाहेरून येतं, मुलं खोलीभर पळू लागतात आणि चार-पाच महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू उसळून मनगट, ओढणी, साडीचा पदर, जे सापडेल ते तोंडात धरतं. हे चावणं रागाचं नसतं. पण दुधाचे २८ दात फार टोकदार असतात. साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात ते पडून ४२ पक्के दात येतात, हिरड्या शिवशिवतात, चघळणं वाढतं. दात आले की खोड आपोआप जाईल, या भरवशावर मात्र राहू नका. सात महिन्यांचा लॅब्राडॉर वीस किलोच्या वर जातो आणि तेव्हा तोच खेळ हात सुजवतो.

भावंडांशी खेळताना पिल्लू जोरात चावलं, तर समोरचं पिल्लू खेळ टाकून निघून जातं. चावा किती हलका ठेवायचा, हे ते तिथे शिकतं. म्हणूनच आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेलं पिल्लू घरी आणू नये. आपण नेमकं उलटं करतो. हात झटकतो, ओरडतो, ढकलतो. पिल्लाला वाटतं, हेही खेळायला आले!

तर करायचं असं. दात कातडीला किंवा कपड्याला लागताच हात ढिला सोडा, ओढू नका. साध्या आवाजात एकदाच "संपलं" म्हणा, उठून दुसऱ्या खोलीत जा, दार लावा. वीस-तीस सेकंदांनी शांतपणे परत या. पुन्हा चावलं, पुन्हा बाहेर. तीन-चार सेकंद उशीर झाला, तरी आपण का गेलो हे त्याला कळत नाही, आणि पाच मिनिटं बाहेर राहिलात तर ते सगळं विसरून खुर्चीचा पाय कुरतडत बसतं. त्याला उचलून बाथरूममध्ये कोंडू नका, कारण उचलताना हात पुन्हा तोंडाशीच जातो. मध्ये दार नसेल, तर खेळण्याआधीच दीड मीटरचा हलका पट्टा पलंगाच्या पायाला बांधा. चावलं की तुम्ही दोन पावलं मागे सरलात की पुरे. पट्टा बांधून पिल्लाला एकटं मात्र सोडू नका, गळ्याला फास बसू शकतो.

पहिले काही दिवस चावणं वाढेल. आजवर चालत आलेली युक्ती चालेना, म्हणून ते जोर लावून बघतं. इथे बरेच जण माघार घेतात. घरातल्या एकानेही "असू दे, लहान आहे" म्हणत हात चावू दिला, की बाकीच्यांची मेहनत वाया जाते.

फक्त खेळ बंद करून भागत नाही. उत्साहाला वाट हवी आणि तो चढल्यावर उतरवताही यायला हवा. त्यासाठी रस्सीखेच उत्तम. जुन्या जीन्सच्या तीन पट्ट्या घ्या, तिपेडी वेणी घाला, दोन्ही टोकांना गाठी मारा. लांबी दोन फूट ठेवा, म्हणजे तोंड बोटांपासून लांब राहील. दहा-पंधरा सेकंद खेचाखेची करा आणि हात मांडीला टेकवून गप्प थांबा. खेचणारं कुणी नसलं की पकड सैल होते. तोंड उघडताच "सोड" म्हणा आणि हरभऱ्याएवढा पनीरचा किंवा उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. लगेच पुन्हा खेळा. हे अंगवळणी पडलं की मग "सोड" आधी म्हणा. शब्द सगळ्यांचा एकच हवा. बाबा "सोड", ताई "लीव्ह", आजी "नको रे" म्हणाली, तर पिल्लाने कुणाचं ऐकायचं? ही वेणी दाराजवळच टांगा. घरात शिरताना हाताऐवजी आधी ती पुढे करा. जुनी चप्पल खेळायला देऊ नका, जुनी आणि नवी यातला फरक त्याला कळत नाही.

संध्याकाळी पिल्लू वेड्यासारखं चावत सुटलं, तर आधी झोप किती झाली ते पाहा. चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला दिवसाकाठी अठरा-वीस तास झोप लागते. थकलेल्या पिल्लाला आणखी पळवलं की ते जास्तच चावतं. त्याला अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात नेऊन चघळायला गार गाजर द्या आणि जवळ बसा.

तोंड दाबणं, नाकावर चापट मारणं, घशात बोट घालणं कृपा करून टाळा. हात जवळ येताना दिसला की गुरगुरायचं, एवढंच ते त्यातून शिकतं. मुलांना "स्टॅच्यू" शिकवा. पिल्लू अंगावर आलं की हात काखेत, नजर दुसरीकडे, आवाज बंद. लहान मुलांना त्याच्यासोबत एकटं ठेवू नका.

अंग ताठ होणं, एकटक रोखून पाहणं, वाटीजवळ गेल्यावर गुरगुरणं, किंवा मोठा कुत्रा अचानक चावू लागणं हा खेळ नव्हे. कान, दात, सांधे दुखत असू शकतात. पशुवैद्याला दाखवा.

आणि खेळताना चावलं, आपल्याच पिल्लाने चावलं, तरी कातडी फुटली असेल तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून रेबीजच्या लसीबद्दल विचारा. पिल्लाची स्वतःची रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात, ती तारीख चुकवू नका.

नमस्कार.