केडगावच्या अधीक्षिका

श्रोतेहो, नमस्कार.

'अधीक्षिका' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कंबरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेली, कपाळाला आठ्या असलेली एखादी बाई येत असेल. मी स्वतः एका अंधशाळेत नऊ वर्षं अधीक्षिका होते, त्यामुळे आठ्यांबद्दल तक्रार नाही. या कामात ज्ञानदान वगैरे करायला वेळ मिळतो तो संध्याकाळी सातनंतर. दिवसभर गहू किती आला, कुणाला ताप आहे, अनुदानाचा कागद कुठल्या टेबलावर अडकला, यातच माणूस बुडालेलं असतं. आज मी ज्या बाईंबद्दल बोलणार आहे त्यांना आपण विदुषी म्हणून ओळखतो, समाजसुधारक म्हणून ओळखतो, त्यांच्या धर्मांतरावरून अजूनही वाद घालतो. मला मात्र त्या आठवतात त्या अधीक्षिका म्हणून. पंडिता रमाबाई.

रमाबाईंचं चरित्र बहुतेकांना ठाऊक आहे. 1858 चा जन्म, आईकडून संस्कृत, दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, भावाबरोबर पायी देशभर भटकंती, कलकत्त्यात 'पंडिता' ही पदवी, लग्न, दोनच वर्षांत वैधव्य, कडेवर लहानगी मनोरमा. 1883 साली त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. पण त्यांना कमी ऐकू येत होतं. त्यामुळे वैद्यकीचा नाद सोडावा लागला. चरित्रांत ही गोष्ट एका वाक्यात उरकतात. मी मात्र दर वेळी तिथे थांबते. ज्या बाईंनी पुढे अंध आणि अपंग मुलींसाठी शाळा चालवली, त्यांच्या आयुष्याला वळण दिलं ते त्यांच्याच कानांनी. आमच्या क्षेत्रात काम करणाऱ्या माणसाला याचं मोल वेगळं सांगायला लागत नाही.

1886 च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्या सोहळ्याला रमाबाई हजर होत्या. पुढची जवळजवळ तीन वर्षं त्या अमेरिकेत राहिल्या, गावोगाव व्याख्यानं दिली आणि फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाचं बालवाडीचं शास्त्र शिकून घेतलं. चेंडू, ठोकळे, कागद, माती हातात देऊन मुलाला विचार करायला लावायचं, असं ते शास्त्र. आपल्याकडे तेव्हा शिकणं म्हणजे घोकणं. रमाबाई स्वतः हजारो श्लोक मुखोद्गत करत मोठ्या झालेल्या, आणि हातानं शिकायचं ही गोष्ट त्यांना पटावी, याचं मला अजून नवल वाटतं. 1887 मध्ये त्यांनी इंग्रजीत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर पुस्तक लिहिलं, त्याच्या शेवटी आपल्या बायकांच्या तीन गरजा सांगितल्या: स्वावलंबन, शिक्षण आणि आपल्याच देशातल्या शिक्षिका. क्रम ऐकलात ना? स्वावलंबन आधी.

11 मार्च 1889 ला मुंबईत चौपाटीवर रमाबाईंची विधवा आणि मुलींसाठीची शाळा निघाली, शारदा सदन. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. पुढे धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झाल्यावर त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. 1890 मध्ये सदन पुण्याला आलं. 1893 मध्ये मुलींना ख्रिस्ती प्रार्थनेला बसवतात यावरून गदारोळ झाला, 'केसरी'नं झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. त्या वादात मी आज शिरत नाही. लोकांचा राग समजण्यासारखा होता, आणि रमाबाईंनी आपली श्रद्धा कधी झाकलीही नाही, एवढंच म्हणते.

मला जायचंय केडगावला. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या रेल्वेनं गेलात की हे स्टेशन लागतं. तिथे माळरानावर त्यांनी शंभरेक एकर जमीन घेतली होती. 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली घेऊन आल्या. त्यात पुण्यात प्लेग. मग सगळं बिऱ्हाड केडगावच्या माळावर. 1898 मध्ये मुक्ती सदन उभं राहिलं. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार! माझ्या शाळेत एकशे दहा मुलं होती आणि शनिवारी खिचडीला डाळ कमी पडली की माझं धाबं दणाणायचं. या बाईंनी दोन हजार तोंडांना माळरानावर खायला घातलं. आणि तिथेच, माझ्या मते, त्यांचं व्यवसाय शिक्षण सुरू झालं. अभ्यासक्रम कुणी आखला नव्हता. भूक होती. विहिरी खणल्या, शेती केली. कपडे लागतात म्हणून हातमाग आणि शिवणकाम. तेल लागतं म्हणून घाणी. दूध लागतं म्हणून गाईगुरं. एवढ्या जणींचे कपडे धुवायचे म्हणून धोबीखाना. विचार करा, कोष्ट्याचं काम, तेल्याचं काम, गवळ्याचं, परटाचं, एका अंगणात, आणि सगळं करणाऱ्या बायका. जे काम ज्या जातीत जन्मलो तिथेच शिकायचं, त्या काळात ही मुलगी आज मागावर तर ती मुलगी घाणीवर, हे किती उलटंपालटं असेल!

आणि छापखाना. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं, तेही साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. ते जुळवलं, छापलं, बांधलं केडगावच्या बायकांनी. आजच्या मुलांनी खिळे, म्हणजे छपाईचे धातूचे अक्षरठसे, जुळवताना कुणाला पाहिलं नसेल. देवनागरी खिळ्यांची पेटी, तिला केस म्हणतात, म्हणजे शेकडो खण. काना वेगळा, मात्रा वेगळी, जोडाक्षरांचे खिळे वेगळे. खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं उलटं असतं. ते ओळखायचं, हातातल्या पट्टीत बसवायचं, ओळ घट्ट करायची. जी मुलगी दोन वर्षांपूर्वी दुष्काळात रस्त्याकडेला बसली होती, ती आता उलटी अक्षरं सुलटी वाचत होती. हे भाषांतराचं काम रमाबाईंच्या अखेरपर्यंत चाललं. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या, आणि संपूर्ण बायबल बाहेर आलं ते 1924 मध्ये.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. दुष्काळातून आलेल्या मुलींत अंध मुलीही होत्या. त्यांच्यासाठी बार्तिमी सदन निघालं. नाव बायबलमधल्या आंधळ्या भिकाऱ्याचं आहे, येशूनं दृष्टी दिली तो. रमाबाईंच्या लेक मनोरमाबाई ब्रेल, म्हणजे बोटांनी वाचायची उठावाच्या ठिपक्यांची लिपी, शिकल्या आणि त्यांनी या मुलींना वाचायला शिकवलं. सगळ्या भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल ठरलं 1951 मध्ये. त्याच्या अर्धं शतक आधीची ही गोष्ट.

ज्यांनी ब्रेल पाटी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. पाटीच्या दोन पट्ट्यांत जाड कागद अडकवायचा आणि टोचणीनं ठिपके टोचायचे. ठिपका उमटतो मागच्या बाजूला. म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे, प्रत्येक अक्षर उलटं. कागद उलटला की बोटाखाली सुलटं येतं. माझ्या वर्गातला एक मुलगा पहिल्या आठवड्यात फार चिडायचा. म्हणायचा, "बाई, मला दिसत नाही ते नाही, पण हे उलटं कशाला?" केडगावात एका खोलीत छापखान्यातली मुलगी उलटे खिळे जुळवते आहे आणि दुसऱ्या खोलीत अंध मुलगी उलटे ठिपके टोचते आहे, हे चित्र मनात आलं की मला त्या मुलाची आठवण येते. त्याचं समाधान मी करू शकले नव्हते.

अंध मुलीही केडगावात रिकाम्या बसत नव्हत्या. प्रत्येकीला जमेल ते काम होतंच. मला यात सगळ्यात मोठी वाटते ती एक साधी गोष्ट: त्या कामाची तिथे कुणाला तरी गरज होती. विणलेलं कापड अंगावर जायचं, घाणीचं तेल भाजीत पडायचं.

हे मी इतक्या जोरानं सांगते, कारण माझ्या स्वतःच्या शाळेत असं नव्हतं. शाळेचं नाव घेत नाही, जिल्हाही सांगत नाही. आमच्याकडे कार्यशाळा होती. खुर्च्या विणणं, मेणबत्त्या, दिवाळीला उटणं आणि रंगवलेल्या पणत्या. प्रदर्शन भरलं की पाहुणे यायचे, "किती सुंदर केलंय हो मुलांनी" म्हणायचे, पाच पणत्या घ्यायचे, फोटो काढून जायचे. उरलेला माल कोठीत. मी अधीक्षिका झाले तेव्हा कोठीत तीन दिवाळ्यांच्या मेणबत्त्या वितळून एकमेकींना चिकटलेल्या होत्या. मुलांना हे कळत होतं. हातांनी केलेली वस्तू कोठीत जाते की बाहेर जाते, हे अंध मुलाला डोळसापेक्षा लवकर कळतं. त्याला पावलांचा आवाज येतो.

मग एका पावसाळ्यात गावातल्या एका कचेरीतून चाळीस लाकडी खुर्च्या आल्या, विणायला. पंधरा दिवसांची मुदत, आणि दर ठरलेला. वेत रात्री पाण्यात भिजत घालायचे, सकाळी चौकटीच्या भोकांतून ओवायचे, खुंटीनं दाबून धरायचे. पहिल्या सात-आठ खुर्च्या ढिल्या झाल्या, उसवाव्या लागल्या. मुलं एकमेकांवर ओरडायला लागली. कुणाची वीण कडक, कुणाची सैल, यावरून दोघांची बोलाचाली झाली. आमचे शिक्षक घाबरले, मला बोलवायला आले. मी दाराशीच उभी राहिले, आत गेले नाही. इतक्या वर्षांत त्या कार्यशाळेत भांडण असं झालंच नव्हतं.

चौदाव्या दिवशी खुर्च्या गेल्या. संध्याकाळी तोच मुलगा, उलट्या ठिपक्यांवर चिडणारा, आता चांगला दाढीमिशा फुटलेला, माझ्या खोलीत आला. चाचपडत खुर्चीवर बसला, आणि बसताना सवयीनं खालची वीण बोटांनी तपासली. मला वाटलं, शाबासकी हवी असेल.

म्हणाला, "बाई, बिल कुणाच्या नावानं करायचं?"

नमस्कार.