रेनकोटातला घाम

(पहाट. अजिंक्यताऱ्यावर अंधार. खाली मैदानावर पावलांचा आवाज.)

साताऱ्यात पहाटे पाचला पळणारी पोरं दिसली की कशासाठी, असं कुणी विचारत नाही. भरती! देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली इथेच सुरू झाली. अपशिंग्याला तर गावाच्या नावातच मिलिटरी आहे.

(रेनकोट घातलेला मुलगा, रांगेत शेवटी.)

या पोराकडे बघा. मे महिना, आभाळात ढग नाही आणि अंगात रेनकोट. सोळाशे मीटर वेळेत बसवायचं तर वजन उतरायला पाहिजे, वजन उतरायचं तर घाम गाळायला पाहिजे. प्रत्येक ग्राउंडवर असं सांगणारा एक असतोच.

(बाही उलटी करतो. घामाची धार मातीत. मग वजनकाटा.)

आठशे ग्रॅम कमी. गडी खूश. पण हे जवळजवळ सगळं पाणीच. दोन तांबे प्याला की परत आलं.

(संथ गतीत मांड्या, पाठ, मान.)

पळताना स्नायू जी ऊर्जा जाळतात, तिच्यातली साधारण तीन चतुर्थांश नुसती उष्णता होते. जड अंग ओढायला ऊर्जा जास्त, म्हणून उष्णताही जास्त. ती बाहेर टाकणारी कातडी मात्र वजनाच्या मानाने वाढत नाही. चुलीवरनं उतरलेला हंडा आणि तांब्या शेजारी ठेवा, हंडा उशिरा निवतो. त्यात चरबी ऊब धरून ठेवते. आणि घाम गळून अंग निवत नाही, वाळला तर निवतं. रेनकोटात तो वाळणार कसा?

अमेरिकेत पॅरिस आयलंडला मरीन दलाच्या रंगरुटांच्या नोंदी तपासल्या गेल्या. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) २२ किंवा जास्त आणि दीड मैलाला १२ मिनिटं किंवा जास्त, अशा पोरांना श्रमाच्या उष्माविकाराचा धोका सडपातळ, दहा मिनिटांच्या आत पळणाऱ्यांच्या आठपट निघाला. २२ म्हणजे लठ्ठ नव्हे हं. पाच फूट सात इंचाला चौसष्ट किलो.

(शिट्टी. सगळे एकदम सुटतात.)

वेळ मात्र सगळ्यांना एकच. शेवटचा सगळ्यात हळू दिसतो, पण जीव तोच सगळ्यात जास्त काढत असतो.

(दुसरं मैदान. निळा टप, फोडलेली बर्फाची लादी.)

इथले सर नव्या पोरांना पहिले दोन आठवडे दमानं घेतात. उन्हाची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. हा टप रोज बर्फाच्या पाण्यानं भरतात, रोज ओततात. शेजारचे हसतात.

अंगातला ताप चाळीस अंश सेल्सिअसच्या (१०४ फॅरनहाइटच्या) वर आणि पोरगा बरळायला लागला, तर तो उष्माघात, घाम येत असला तरी. किडनी, लिव्हर, जीवसुद्धा जातो. १०८ ला फोन लावा, पण गाडीची वाट बघत बसू नका. गळ्यापर्यंत टपात बसवा आणि डोकं धरून ठेवा.

(पहिलं मैदान. कुंपणाच्या तारेवर रेनकोट. थेंब.)

उद्या पाचला तो येणार आहे. रेनकोट वाळत घातलाय.