दोन मात्रांच्या मधली जागा

श्रावण महिना, वास्को. दामोदराच्या देवळात भजनी सप्ताह सुरू झाला की पुढचे 24 तास टाळ थांबत नाहीत. पथकं बदलतात, गाणं चालूच. एरवी पणजीच्या बसची वाट पाहताना सारखं घड्याळ बघणारा माणूस इथे मांडी घालून बसतो आणि रात्रीचे दोन कधी वाजले, ते त्याला कळत नाही. फेरीतल्या, म्हणजे जत्रेच्या बाजारातल्या, खाज्यावर डोळा असलेल्या पोराला मात्र तोच अभंग संपता संपत नाही.

वेळेसाठी आपल्याला कान-डोळ्यांसारखं वेगळं इंद्रिय नाही. वेळ मोजायला लक्ष खर्चावं लागतं. ते सुरांत गुंतलं, की मोजणी सुटते आणि काळ आखूड वाटतो. पोराचं लक्ष 'कधी संपणार' याकडेच, म्हणून त्याचा काळ लांबतो.

आता ठेका. आपण अगदी स्वस्थ बसलेले असलो, तरी ताल ऐकताना मेंदूतले हालचालींची तयारी करणारे भाग जागे होतात. खोलवरचा बेसल गँग्लिया त्यांतलाच. पार्किन्सन्सच्या आजारात त्याचं काम बिघडतं, आणि ठेका ओळखणंही जड जातं.

पुढचा ठोका कधी पडणार, हे मेंदू आधीच ताडतो. पण किती लांबचा? दोन ठोक्यांत साधारण दोन सेकंदांहून जास्त अंतर पडलं, की त्यांची लय जाणवेनाशी होते. आणि आपला विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल? अतिविलंबित एकतालाचं 12 मात्रांचं (ठोक्यांचं) आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, 48 सेकंदांचं धरलं, तर एकेक मात्रा 4 सेकंदांची! मग तबलजी ती जागा रिकामी सोडत नाही. 'धिं' वाजला की मागोमाग बारीक बोल भरतो, 'तिरकिट' सावकाश उलगडतो. मात्रेचे चार भाग पडतात, एकेक सेकंदाचे. तेवढं अंतर मेंदूला सहज पेलतं. ही तोड मैफिलीत, कानानेच निघालेली.

गोव्यात लयीचा विषय जुने वादक खाप्रूमामा पर्वतकर यांच्यापाशी आल्याशिवाय राहत नाही. लयब्रह्मभास्कर म्हणत त्यांना. हातापायांनी वेगवेगळे ताल ते एकाच वेळी धरत. डोक्यात इतकी घड्याळं? आम्हाला वाटतं, लय एकच असावी, हिशेब अनेक. समजा, एका हातावर 16 मात्रांचा त्रिताल, दुसऱ्यावर 10 मात्रांचा झपताल, दोन्हींची मात्रा सारखीच. दहा मात्रांनी झपताल समेवर, म्हणजे पुन्हा पहिल्या मात्रेवर, येतो, तेव्हा त्रितालाच्या सहा मात्रा अजून उरलेल्या असतात. दोन्ही समा पुन्हा एकत्र पडतात त्या 80 मात्रांनी: त्रितालाची 5 आवर्तनं, झपतालाची 8.